आमच्या पत्त्यावरची मुलगी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा नव्हती असं नाही. मला पाठवलं नाही. त्याचं फारसं दुःख नाही, पण कोणी शाळेविषयी बोलायला लागलं की मी ऐकते.

मुलाकडे अमेरिकेत, क्युपर्टिनोला राहायला गेले तेव्हा पहिले काही महिने मी दुसरं काही ऐकलंच नाही. तिथे मार्क मुलांना मिळतात तसे शाळेलाही मिळतात. ते पेपरात छापून येतात, आणि घर विकणारी बाई खोल्या दाखवायच्या आधी शाळेचा आकडा सांगते. मुलाने घर घेतलं ते त्या आकड्यासाठी. नळ गळत होता, स्वयंपाकघरात दोघींना वळता येत नव्हतं, पण शाळा चांगली. शाळा सरकारी, फी नाही. फक्त तिच्या हद्दीत घर परवडलं पाहिजे. याला फी नाही म्हणतात, हे मला कधी पटलं नाही.

नातवाच्या वर्गात, पाचवीत, एक नागपूरकडची मुलगी होती. २००२ साल असेल. कंपन्या माणसं काढत होत्या. तिच्या वडिलांची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती कमी पगाराची, म्हणून ते मोठ्या रस्त्याच्या पलीकडे स्वस्त अपार्टमेंटमध्ये गेले. रस्त्यापलीकडे हद्द बदलत होती आणि शाळाही. त्या शाळेचा आकडा कोणी आपणहून सांगत नसे.

तिची आई एका संध्याकाळी आमच्याकडे आली. म्हणाली, "मावशी, हे वर्ष संपेपर्यंतच. मुलगी तुमच्याकडे राहते असं लिहून दिलं तर तिची शाळा सुटणार नाही."

सून म्हणाली, "आई, हे इल्लीगल आहे. चेक करायला आले तर?"

"कोण येतंय यार," मुलगा म्हणाला.

"द्या लिहून," मी म्हटलं. "मुलगी कुठे झोपते याच्याशी गणिताचा काय संबंध?"

"तुम्हाला सोपं आहे, आई. सही आम्ही करायची."

सही झाली. सून एकदा काम हातात घेतलं की नीट करते. माझ्या खोलीत तिने दुसरा पलंग आणला, नवी गादी, कपाटात मुलीचे दोन फ्रॉक, बाथरूममध्ये तिचा टूथब्रश. मुलगी शाळा सुटल्यावर नातवाबरोबर घरी यायची, माझ्या हातची पोळी-साखर खायची आणि सहाला आई येऊन घेऊन जायची. पलंगावर ती कधी बसलीसुद्धा नाही.

मार्चमध्ये एक दिवस सकाळी पावणेसातला बेल वाजली. शाळेच्या कचेरीतून आलेला एक वयस्क माणूस होता. सभ्य, दारातल्या चपला बघून त्याने न सांगता बूट काढले. कोणीतरी कळवलं होतं. आपल्यातलंच कोणीतरी असणार. मुलगी सहाला घरी जाते हे बाकी कोणाला माहीत असणार?

सुनेने सांगितलं, मुलगी काल आईकडे राहिली. तो म्हणाला, ठीक आहे, पलंग दाखवा. त्याने गादीवर हात ठेवला, जरा दाबला. चादरीखाली प्लॅस्टिक करकरलं.

ते मी ठेवायला लावलं होतं. गादी आली तशीच, दुकानाच्या जाड प्लॅस्टिकमध्ये. सून काढायला गेली तेव्हा मी म्हटलं होतं, "राहू दे. कोणी झोपणारच नाही तर मळवायची कशाला?" आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लॅस्टिक असंच राहतं. टीव्हीच्या रिमोटचं तीन वर्षांनीही निघालं नव्हतं, गाडीच्या मागच्या सीटचं नातवाने ओरबाडलं म्हणून गेलं. आणि टूथब्रश? तोही मी पाकिटातच ठेवला होता. धूळ बसते.

माणसाने टूथब्रश पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं.

"आई, विचारतायत, ती रोज इथे झोपते का?"

"हो म्हण."

तिने म्हटलं. त्याने लिहून घेतलं, थँक यू म्हणाला, बूट घातले आणि गेला.

"आई, प्लॅस्टिक!" सून म्हणाली.

"तू रिमोटचं काढलंस का?"

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून राग आला.

आठवड्याने पत्र आलं. सोमवारपासून मुलीला या शाळेत यायचं नाही. तिच्या आईला मी सरळ सांगितलं, "माझ्यामुळे झालं." तिने नाही म्हटलं नाही. तिला कचेरीत जाऊन विनंती करायची होती, आमच्यापैकी कोणी बरोबर यावं असं वाटत होतं. मुलगा म्हणाला, "वहिनी, त्या कागदावर आमची सही आहे. जास्त खोदलं तर आमच्यावर येईल." मी त्याला जा म्हणू शकत होते. म्हटलं नाही. माझ्या नातवाची शाळा तीच होती.

एप्रिलमध्ये एक दिवस मी चालत पलीकडची शाळा बघायला गेले. बारा मिनिटं लागली. मधली सुट्टी होती. मुलगी मला बघून कुंपणापाशी आली.

"आजी, तुम्ही वॉक करत आलात?"

"हो. कशी आहे शाळा?"

"ओके. मॅथची बुक्स घरी नाही नेता येत. एकच सेट आहे."

"मग अभ्यास कसा करतेस?"

"आय डोन्ट नीड टू. हे मी फोर्थ ग्रेडमध्ये केलंय."

"मग बाईंना सांग."

"सांगितलं. शी सेड, गुड, यू कॅन हेल्प द अदर्स."

घंटा झाली. "बाय, आजी," म्हणून ती पळाली. मुलं रांग लावत होती, ती शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढच्या मुलाने वळून काहीतरी विचारलं आणि ती त्याला बोटांवर मोजून सांगू लागली. रांग आत जाईपर्यंत ती सांगतच होती.