दुसऱ्या भागातला म्हातारा

पॉपकॉर्नचा वास आला की मला अलिबागच्या थिएटरमधला तो दुपारचा खेळ आठवतो. समुद्रातल्या राक्षसाला मारणाऱ्या वीराच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता आणि मी वडिलांना रेवदंड्याहून रिक्षाने घेऊन गेले होते. पहिला भाग त्यांना फार आवडला होता. त्यांनी स्वतः वादळात बुडालेल्या होडीवरचे तीन खलाशी वाचवले होते. चौथा सापडलाच नाही, असं गावात सगळे सांगत. या भागात तो वीर म्हातारा झाला होता, पुन्हा समुद्रावर जायला तयार नव्हता, आणि काळ्या पाण्यातून बुडालेली माणसं त्याला नावाने हाका मारत होती. वडिलांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मोठ्याने म्हणाले, “नको जाऊ रं, नको जाऊ.” पुढच्या रांगेतले हसले. मी वडिलांना बाहेर आणलं. पायरीवर बसून ते म्हणाले, “चवथा गावला व्हता, पोरी. हात धरला व्हता मी त्याचा. आमची होडी कलंडाय लागली म्हनून सोडला.” आता वडील नाहीत. त्या चौथ्याची बायको आमच्याच आळीत राहते. “तुझ्या बापानं लय शोधला त्याला,” असं ती आजही म्हणते, आणि मी मान डोलावते.