दोनशे चौदा फायलींची हजेरी

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी नळदुर्गातल्या माझ्या दुकानात एका ढाब्याच्या कॅमेऱ्यांचा डबा उघडून बसले होते.

"पोरी, कॉम्प्युटर सुरू होईना. आन् आतनं कुणीतरी टकटक करतंय."

मला हसू आलं. "गुरुजी, आत कुणी नसतं हो."

"असतंय की," ते म्हणाले. "दोनशे चौदा जण हायेत."

हे गुरुजी सास्तूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मी काही त्यांच्या हाताखाली शिकले नाही, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'पोरी'च म्हटलं. शाळेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता आणि तो मीच त्यांना लावून दिला होता. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम काढलं होतं. भूकंपानंतर गाव नव्या जागेवर वसलं, सरळ ओळींत, एकसारख्या घरांचं. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आहेत. तिथं गुरुजी एकेका म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचे, त्याच्या घराची जागा त्यालाच शोधू द्यायचे, तिथं दगडावर बसवायचे आणि रेकॉर्डर चालू करायचे. "इथं काय काय होतं ते सांगा," एवढंच विचारायचे. नंतर ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि रेकॉर्डरचं कार्ड पुसून दुसऱ्या माणसासाठी मोकळं करायचे.

फायलींना त्यांनी माणसांची नावं दिली नव्हती, जागांची दिली होती. 'वेस-एक-आजोबा', 'मारुती-मागं-तीन-सासू', 'विहीर-दोन-मंडळी'. सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं आता नाहीत.

दुपारी स्कूटीवरून मी सास्तूरला पोचले. डबा उघडला, कान लावला. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. हा आवाज मी पुण्यात नोकरीला असताना पुष्कळ ऐकला होता. आतली सुई जागा शोधते, तिला ती सापडत नाही, मग ती मागे येते आणि पुन्हा शोधायला लागते. डिस्क मरायला टेकली होती, पण चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही.

"दुसरीकडं कुठं कॉपी आहे का?"

"हाय की. वहीत सगळं लिव्हलंय." त्यांनी वही आणली. वहीत फायलींची यादी होती, सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं आखलेल्या रकान्यांत. बाकी काही नव्हतं.

मी माझ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. डिस्क दिसत होती पण आतलं काही उघडत नव्हतं. गुरुजी खुर्ची ओढून शेजारी बसले, वर्गात नवीन साहेब आल्यावर बसतात तसे. म्हणून मी त्यांना समजावून सांगितलं, आणि ते समजावणं आजही मला पाठ आहे.

"गुरुजी, डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक शाळेच्या रजिस्टरसारखी. कोणत्या पोराचं नाव काय, उंची किती, कोणत्या वर्गात कोणत्या बाकावर बसलंय. दुसरी म्हणजे पोरं स्वतः. तुमचं रजिस्टर बिघडलंय. पोरं बाकावर बसलेली असणार, फक्त कोण कुठं आहे ते मशीनला कळेना झालंय."

"म्हंजे पोरं हायेत."

"आहेत."

ते ज्या पद्धतीनं खुर्चीला टेकले, त्यावरून मला कळलं की फोन केल्यापासून ते टेकलेच नव्हते.

पुण्यात माझं कामच हे होतं. मोठ्या गिऱ्हाइकांच्या डिस्क बिघडायच्या, पण त्यांना आतला मजकूर आम्हाला दाखवायचा नसायचा. मग आम्ही त्यांच्याकडून नुसतं रजिस्टर मागवायचो. ई-टू-इमेज नावाचा एक आदेश आहे. तो डिस्कवरची सगळी नावं, आकार, तारखा, कोणती फाईल कुठं ठेवलीय हे उचलून एका फायलीत बांधतो. मजकुराचा एक शब्दही उचलत नाही. मग डीबग-एफ-एस नावाच्या दुसऱ्या हत्यारानं आम्ही त्या बांधलेल्या रजिस्टरमध्ये शिरून कुठं काय तुटलंय ते बघायचो. कुणाचं गुपित न वाचता त्याचा आजार ओळखायचा, यात मी पटाईत होते आणि मला त्याचा तोराही होता.

सास्तूरला मी क्रमही बरोबर ठरवला होता. आधी रजिस्टर उचलायचं, कारण ते लवकर होतं. मग सगळ्या डिस्कची कॉपी, मजकुरासकट, कितीही तास लागोत. आणि सगळ्यात शेवटी दुरुस्ती. हा क्रम मी झोपेतही सांगितला असता.

रजिस्टर उचलायला पाव तासही लागला नाही. आदेश निमूटपणे संपला. मी यादी काढून बघितलं तर सोबत आणलेल्या माझ्या डिस्कवर पाचशे जीबीची फाईल दिसत होती. असली फाईल दिसते पूर्ण डिस्कएवढी आणि जागा घेते चिमूटभर. मधलं सगळं पोकळ असतं. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. पण तो भला मोठा आकडा बघून मला बरं वाटलं. मी डीबग-एफ-एस उघडलं आणि फायलींची यादी पडद्यावर ओतली. रजिस्टरचं पहिलं पानच तेवढं फाटलं होतं; आतली सगळी नावं जशीच्या तशी होती, समोर आकार आणि तारखा.

गुरुजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. "आली का गं सगळी?"

"आली."

"थांब. हजेरी घेऊ."

त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि चाळीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात नावं पुकारायला लागले. मी पडद्यावर बोट ठेवून उत्तर द्यायचं.

"वेस-एक-आजोबा."

"हजर."

"वेस-एक-आजी."

"हजर."

मला त्यात गंमत वाटायला लागली. मारुतीची गल्ली झाली, तेल्याची आळी झाली, गुरुजी प्रत्येक नावापुढं टिकलीएवढी खूण करत होते. खाली डिस्क टकटक करतच होती. मला ती ऐकू येत होती, पण आमचा सूर लागला होता.

"विहीर-दोन-मंडळी." इथं ते थांबले.

"हजर," मी म्हटलं.

त्यांनी खूण केली नाही. "पोरी, एवढी एक ऐकू का?"

मंडळी म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन वर्ष झालं होतं. विहिरीजवळच्या दुसऱ्या घरात, म्हणजे त्यांच्याच घरात, भूकंपानं त्यांची मुलगी नेली, आणि त्यानंतर त्या बाईनं त्या पहाटेबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. इतकी वर्षं नवरा गावभर लोकांना बोलतं करत फिरला आणि ती गप्प. मग एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, मला न्या. जागेवर बसली आणि म्हणाली, "तुमी हिकडं थांबू नका. लांब जावा. तुमी असल्यावर म्या बोलणार न्हाय." गुरुजी बाभळींच्या पल्याड जाऊन उभे राहिले. तिनं हात करून बोलावलं तेव्हा परत आले. ती काय बोलली ते त्यांनी तिच्या हयातीत ऐकलं नाही, आणि ती गेल्यावर त्यांचा धीर झाला नाही.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की लाईट गेलेली आहे, इन्व्हर्टर मगापासून शिट्ट्या मारतोय आणि अजून साठ-सत्तर नावं बाकी आहेत.

"आता नको हो गुरुजी," मी फटकन म्हणाले. "स्पीकर नाही, लाईट नाही. आधी काम होऊ द्या, मग बसा ऐकत दिवसभर."

"बरं बरं," ते म्हणाले आणि खूण केली.

त्या वेळी ती एक फाईल उघडायला गेले असते तर दोन मिनिटांत माझे डोळे उघडले असते. डिस्क जिवंत होती. पोरं बाकावर होती.

दोनशे चौदा वेळा मी 'हजर' म्हटलं. शेवटचं नाव झालं तेव्हा माझ्या मनानं काम संपलं असं धरलं. सगळ्या डिस्कची कॉपी घ्यायची राहिली होती, आणि ती राहिलीय हे माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. याचं दुसरं काही स्पष्टीकरण मी स्वतःलाही देऊ शकलेले नाही. लाईट आली. मी थेट मूळ डिस्कवर दुरुस्तीचा आदेश दिला, सगळ्या प्रश्नांना आधीच 'हो' सांगून, कानाकोपरा तपासायला लावून. मरायला टेकलेल्या डिस्कला असं पळवत नाहीत.

अर्ध्या तासानं टकटक थांबली आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. मग तोही थांबला.

गुरुजी दारात चहा घेऊन उभे होते. "काय झालं?"

"गेली ती," मी म्हणाले, आणि मी हसत होते. "जाऊ द्या. आपण सगळं काढून घेतलंय की. नवीन डिस्क आणते चार दिवसांत."

चार दिवसांनी मी नवीन डिस्क आणि स्पीकर घेऊन गेले. त्या बांधलेल्या फायलीतलं फाटलेलं पान जोडलं, सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं. फोल्डर उघडला आणि दोनशे चौदा नावं पडद्यावर आली. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी बाहेरचं दार लोटून घेतलं, खुर्चीत बसले आणि तेव्हाच त्यांनी मला विहिरीजवळची ती सगळी हकिगत सांगितली.

"ती लाव," ते म्हणाले. "आज म्या ऐकणार हाय."

मी क्लिक केलं. फाईल ओळखता येत नाही, असं मशीन म्हणालं. पुन्हा केलं. तेच. मी 'वेस-एक-आजोबा' उघडून बघितली, मग मारुतीची गल्ली. एकही उघडेना. मी काळा पडदा उघडला आणि 'विहीर-दोन-मंडळी'च्या आत काय आहे ते अक्षरशः वाचायला घेतलं. ओळच्या ओळ शून्य. खाली सरकत गेले, सरकत गेले, शेवटपर्यंत शून्य. आणि तेव्हा मला आठवलं की मी कॉपी घेतलेलीच नाही.

मी बोलायला तोंड उघडलं, तर गुरुजीच बोलले.

"पोरी, तू नुसतं रजिस्टर आणलंस व्हय?"

आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं. त्यांनी ते, पोरगं गणितात कुठं चुकलं हे तपासणाऱ्या मास्तरच्या आवाजात विचारलं. मी हो म्हटलं. ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

मेलेली डिस्क मी स्वतः पुण्याला घेऊन गेले. डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या माणसानं ती उघडली आणि मला जवळ बोलावून दाखवली. तबकडीवर गोल ओरखडे होते, आणि झाकणाच्या आत बारीक काळी भुकटी साचली होती. "हाच तुमचा डेटा," तो म्हणाला. त्यानं ते सहज म्हटलं असेल.

परत आले तेव्हा मला वाटलं होतं, गुरुजी मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. ते वही काखेत मारून तयारच बसले होते. "रेकॉर्डर तू धर," म्हणाले. "हायेत त्यांना पुन्ना बोलवू. न्हाईत त्यांचं मला जेवढं आठवतंय तेवढं म्या सांगतो."

महिनाभर आम्ही जुन्या गावात फिरलो. हयात माणसं पुन्हा दगडांवर बसली, पण पहिल्यांदा सांगितलं तसं कुणालाच सांगता आलं नाही. गेलेल्यांचं गुरुजींनी सांगितलं. त्यांची आठवण दांडगी होती. कोण कुठं अडखळलं, कोण मध्येच शेळीबद्दल बोलायला लागलं, सगळं त्यांनी सांगितलं. मी खाली मान घालून रेकॉर्डर धरत होते.

विहिरीजवळची जागा त्यांनी शेवटी ठेवली होती. ते दगडावर बसले.

"किती वेळ बोलली होती ती?"

एवढं मला सांगता येत होतं. आकार शाबूत होता, त्यावरून वेळ निघत होता. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

"रेकॉर्डर लाव."

मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांना काही माहीतच नव्हतं. लांब रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, बाभळीत होला घुमत होता, आणि गुरुजी बुजलेल्या विहिरीकडं बघत नुसते बसून होते. मी आकड्यावर नजर ठेवली. अकरा चाळीसला बोट वर केलं.

"बंद कर," ते म्हणाले. "नाव त्येच दे."

मी दिलं. आता कुणीही फोल्डर उघडला तर दोनशे चौदा फायली दिसतात, एकूण एक उघडतात. यादी वाचणाऱ्याला काही गेलंय असं कळणार नाही.