डबीनं खाल्लेला ‘नको’

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सन १९८३, गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, बालवाडी सुटायच्या थोडं आधी. कडावच्या अलीकडच्या आमच्या गावात. हे पहिल्याच ओळींत सांगते, कारण आमच्या मंडळातले लोक या गोष्टीला ‘तो प्रकार’ म्हणतात. प्रकार आपोआप होत नसतो. कुणीतरी कुणाचंतरी काहीतरी करतं तेव्हा तो होतो.

आई बालवाडीत मदतनीस होती. सकाळी पोरांना घराघरांतून गोळा करायचं, त्यांचे हातपाय धुवायचे, खिचडी वाढायची आणि सुटल्यावर ओढ्यापलीकडं नेऊन सोडायचं. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं पोरांनी खायचं का, अशी कुरकुर सुरुवातीला गावात झाली. पुढं ती निवली. न थांबणारं पोर आईच्या कडेवर गेलं की थांबतं, हे बायांनी पाहिलं होतं आणि त्यांना शेतावर जायची घाई असायची.

आईला ऐकू कमी यायचं. मी लहान असताना तिला ताप आला, त्यात कान गेले. कानाशी ओरडलं तर कळायचं, लांबून नाही. बालवाडीच्या बाईंनी यावर उपाय काढला होता. पंजा उभा धरला की थांब, हात हलवला की सोड. आई सतत बाईंकडं बघत काम करायची. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. कुणाला त्यात काही कमी वाटलं नाही. मला मात्र वाटलं.

मी तेव्हा कर्जतला एका विज्ञान मंडळात जायचे. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं आम्ही जमायचो. दुकानदार नव्या रंगीत टीव्हींच्या मागं असायचा, त्यामुळं जुन्या रेडिओंचा सगळा सांगाडा आम्हाला फुकट. भोंदू बाबांवर पत्रकं काढायचो, ग्रहणात घराबाहेर येऊन जेवायचो. पत्रकं मी लिहायचे. ‘जागे व्हा’, ‘विचारा’, ‘मान्य करू नका’ असे शब्द मला झोपेतही सुचायचे. आमच्यातला एक जण, ज्याला सगळे दादा म्हणायचे, एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात होता. आईबद्दल मी त्याला सांगितलं आणि त्यानं मनावर घेतलं. बाजारातली कानाची यंत्रं सेल खातात, म्हणून खेड्यात ती फडताळात पडून राहतात. आपण असं सर्किट करायचं की सेल विसरून जावा. असं तो म्हणाला, आणि आम्हाला ते एकदम पटलं.

सर्किट असं होतं. नेहमीच्या यंत्रात माइक, ॲम्प्लिफायर आणि कानात बसवायचा बारका स्पीकर, म्हणजे खडा, असतो. ॲम्प्लिफायर दिवसभर जागा. कुणी बोलो न बोलो, तो करंट ओढतच राहतो. दादानं ॲम्प्लिफायरला झोपवलं आणि त्याच्या दारात एक पहारेकरी ठेवला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक बारकी आयसी आणि दोन-चार पार्ट, एवढाच तो पहारेकरी. त्याला करंट लागायचा नावापुरता. आवाज माइकमध्ये शिरला की त्याची वीज थरथरते, पुढंमागं होते. पहारेकरी ती एका दिशेला वळवून सरळ करायचा आणि एका कंडेन्सरमध्ये भरायचा, घागरीत धार धरावी तशी. घागर खुणेपर्यंत भरली की तो ॲम्प्लिफायरला उठवायचा. कुणी बोलेनासं झालं की पुन्हा झोपवायचा. झोपेत असताना मीटर लावला तेव्हा काटा शून्यावरून हललेला दिसेना. दादानं मीटरला टिचकी मारून पाहिलं. काटा खरंच हलत नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं गळ्यात अडकवायच्या एका डबीत बसवलं. पहिल्या डबीत घागर लहान होती. त्यामुळं डबी भांडं पडलं तरी उठायची, पत्र्यावर पाऊस आला तरी उठायची, आणि आमच्याकडं पाऊस आला की तो चार महिने पत्र्यावरच असतो. म्हणून दादानं कंडेन्सर मोठा घातला. आता नुसत्या खडखडाटानं घागर भरायची नाही, माणूस बोलत राहिलं तरच भरायची. सेल चार महिने पुरेल असा हिशेब निघाला. मग माणसाच्या आवाजावर चाचणी घ्यायची ठरली आणि मी आईला कर्जतला घेऊन आले.

ती चाचणी आठवली की मला अजून मान वर करवत नाही.

आई लुगडं सावरून स्टुलावर बसली. गळ्यात डबी, कानात खडा. मंडळातला एक विनोदी पोरगा म्हणाला, “मावशी, आता सुनेच्या चहाड्यापण ऐकू येतील बघा.” आई म्हणाली, “सून येतीय कशाची. आधी पोरगी तर जाऊ दे घरातनं. ती तर तुमच्यातच पडलेली असते.” खोली हसली. मग आम्ही पाळीपाळीनं तिच्या पाठीमागं उभं राहून वाक्यं म्हटली, आणि तिनं ती परत म्हणायची. ‘आज विहिरीचं पाणी भरू नका.’ ‘मुलांना रस्त्यावर खेळू देऊ नका.’ सगळी वाक्यं माझ्या पत्रकांतली. आईनं परत म्हटलं, “आज इहिरीचं पानी भरू नका.” पुन्हा खोली हसली, यावेळी जरा वेगळी. मी पुढं वाकून आईला म्हणाले, “पाणी म्हण गं, पाणी.” ती ओशाळली आणि ‘पाणी’ म्हणाली. सगळी वाक्यं तिला बरोबर आली. पहिला शब्द कधी पुसट यायचा, पण बाकीच्यावरून ती तो जुळवायची.

त्या खोलीत आम्ही निम्मे तरी असे होतो ज्यांच्या घरी ‘हाय’ आणि ‘नाय’ चालायचं. खोलीत शिरताना आम्ही ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचो. कुणाच्या तोंडून निसटलंच तर दुसरा हळूच दुरुस्त करायचा आणि पहिला लाल व्हायचा. पुस्तकातल्या मराठीत नकार शेवटी येतो. भरू नका, जाऊ नको, देणार नाही. आमच्या घरात घाईच्या वेळी नकार आधी येतो. नको जाऊ गं. नाय देनार जा. आम्ही सगळे हे जाणत होतो, रोज बोलत होतो, आणि त्या दिवशी त्या खोलीत एकाच्याही तोंडून तसं वाक्य निघालं नाही. लाज वाटत होती म्हणून निघालं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

डबी पास झाली. मी पत्रक लिहिलं. ‘एका श्रमिक मातेला विज्ञानाने कान दिले. आता तिला तुमच्या-आमच्यासारखे सर्व ऐकू येते. सेल चार महिने.’ ते बालवाडीच्या भिंतीवर मी स्वतः खळीनं चिकटवलं. बाईंनी वाचलं, कौतुक केलं, आणि त्या दिवसापासून पंजा उभा धरायचं सोडून दिलं. कशाला धरतील? आता ऐकू येत होतं ना. आईनंही बाईंकडं बघत राहायचं सोडलं. तिला केवढं बरं वाटलं असेल, मान खाली घालून भांडी घासता येतात याचं.

गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला असावा. गावात ऊन होतं आणि ओढा मात्र फुगून दगडांवर आला होता. बाईंनी खिडकीतून ते पाहिलं. आई दारात पोरांना रांगेत उभं करत होती, पाठ बाईंकडं. बाई आतून म्हणाल्या, “नको सोडू गं पोरांना.”

पहारेकऱ्याची घागर भरेपर्यंत ‘नको’ निघून गेलं. आईच्या कानात आलं ते, “सोडू गं पोरांना.” तिनं दाराची फळी काढली.

पोरं ओढ्याकडं धावली. एक मुलगी काठावरून घसरली, छातीइतक्या पाण्यात गेली. जवळच गवत कापणाऱ्या एका माणसानं तिला दंडाला धरून ओढून काढलं. तिला काही झालं नाही. रडलीसुद्धा उशिरानं, आईबापांना बघून. पण गाव जमलं, आणि दोन दिवसांनी बालवाडी चालवणारी गावातली समिती तिथल्या ओटीवर बसली.

मी तिथं होते. आईच्या शेजारी उभी होते, पण थोडं अंतर ठेवून. बाईंनी सांगितलं की मी स्पष्ट नको म्हटलं होतं. आईनं सांगितलं की मला सोडू म्हणाल्या. बाई रडायला लागल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि आईही नव्हती, पण ओटीवर बसलेल्यांना दोघींपैकी एक खोटी हवीच होती. समितीच्या अध्यक्षांची जमीन मोठी आणि बोलणं तुटक. त्यांनी भिंतीवरच्या माझ्या पत्रकाकडं बोट केलं. “बहिरी होती तवा आमी काय बोललो का? आता ऐकू येतंय, तरी ऐकत नाय.” मागून कुणीतरी म्हणालं की यांना जरा काही मिळालं की ही अशी मस्ती येते. ‘यांना’ म्हणजे कुणाला, हे सगळ्यांना कळलं. एकानंही ते खोडून काढलं नाही. मीही नाही. ग्रहणात भर चौकात जेवणारी मी, तिथं पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत राहिले, कारण मलाही वाटत होतं की आईनं ऐकलं नाही.

वाटेत मी तिला विचारलं, बाईंनी सांगितलेलं ऐकलंस ना? ती म्हणाली, ऐकलं, सोडू म्हणाली. मी चार पावलं पुढं झाले आणि तशीच चालत राहिले. त्याचा अर्थ तिला कळला.

आईला काढलं. बहिरेपणासाठी नाही. ऐकू येऊनही न ऐकल्यासाठी. त्यानंतर ती बाजाराला जाताना बालवाडीवरून जाईना. बांधाबांधानं, चिखलातून मागच्या अंगानं जायची.

पुढं एका सकाळी ती भाकऱ्या थापत होती. मी डबी घेऊन बसले होते. यंत्र बिघडलंय का बघावं म्हणून मी एका कानात खडा घट्ट बसवला, दुसऱ्यात बोट घातलं, आणि पाठीमागून तिच्या कानाशी ओरडले की त्या दिवशी काय झालं ते मला नीट सांग. तिनं हातातली भाकरी पुरी थापून तव्यावर टाकली, तोवर डबी पुन्हा झोपली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि हळूच बोलली. तिचे ओठ मला दिसले. ओठ ‘नको’ म्हणाले. माझ्या कानात आलं, “इचारू मला काय.”

मी खडा काढला. तिला परत बोलायला लावलं. “नको इचारू मला काय,” ती चिडून म्हणाली.

त्याच दिवशी मी दादाकडं गेले. त्याला समजावून सांगायला लागलं नाही. मी वाक्य उच्चारलं मात्र, त्यानं पेन्सिल घेऊन सर्किटच्या आकृतीत त्या कंडेन्सरभोवती गोल केला आणि कपाळाला हात लावला. हा लहान केला की पहिला शब्द येईल, म्हणाला. पण मग पावसात डबी सारखी जागी राहील आणि सेल महिनाभरसुद्धा पुरणार नाही. मी म्हणाले, नाही पुरला तर नाही पुरला. तो म्हणाला, “महिनाभर पुरतो, असं पत्रकात कोण लिहील गं?” हे त्यानं मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. तोवर चार महिन्यांवरच आमच्या डबीचं नाव झालं होतं, आणि खोपोलीला शिळफाट्यावर शिबिर घेऊन आणखी डब्या वाटायचं ठरलं होतं.

आईच्या डबीतला कंडेन्सर त्यानं बदलून दिला. आईनं ती कोनाड्यात ठेवून दिली, परत गळ्यात घातली नाही. मंडळानं बैठक घेतली आणि तोडगा काढला. डबीबरोबर एक चिठ्ठी द्यायची. ‘वापरणाऱ्या व्यक्तीशी बोलताना प्रथम अहो किंवा अगं म्हणावे, नंतर वाक्य उच्चारावे.’ म्हणजे सर्किट तसंच राहील, गावानं बोली बदलावी. ती चिठ्ठी मी लिहायला नकार दिला, असं सांगायला मला आवडलं असतं. लिहिली दुसऱ्यानं. शुद्धलेखन मी तपासलं.

मी समितीकडं जाऊन सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “डबीनं शब्द खाल्ला? मग डबीलाच काढतो कामावरनं.” ओटी हसली. हसून झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की हे तुझं तोंडी चालायचं नाय, तू तिची पोरगी. डबी करणाऱ्यांनी लेखी द्यावं, चूक आमच्या यंत्राची, या बाईची नव्हे. मग बघू. मागणी रास्त होती. मी ती मंडळापुढं ठेवली. शिबिर होऊ दे, म्हणाले. शिबिर झालं. मग म्हणाले, आता असं लेखी दिलं तर वाटलेल्या सगळ्या डब्या परत येतील. दोन वर्षं झाली. मी मंडळ सोडलं. आईची जागा अजून कायम कुणाला दिलेली नाही, तात्पुरत्या बायका येतात आणि जातात, आणि आई अजून बांधावरूनच बाजाराला जाते.

ते लेखी मंडळ देत नाही, म्हणून मी देते आहे. डबीच्या चाचणीची वाक्यं माझी होती, भिंतीवरचं पत्रक माझं होतं, आणि सर्किट कुठं चुकलं ते वर लिहिलं आहे, कुठल्याही रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखवा. हे वाचून बाजूला ठेवू नका. कर्जतला, कडावला येणं-जाणं असेल तर ही पानं फाडून घ्या, आमच्या गावी जा, समितीच्या अध्यक्षांच्या हातात द्या. वाचून होईपर्यंत समोर उभे राहा. मग विचारा, तिला कामावर कधी बोलावता. आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.