तिसऱ्या नंबरचा प्लग

चष्मेकाकांना कोणी "गाडी गॅरेजला टाका ना" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. गॅरेज म्हणे! जो माणूस केसाएवढा ओरखडा नुसत्या डोळ्यांनी पकडतो, त्याला गॅरेजवाला काय शिकवणार? गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्यांचं दुकान, दुकानाच्या मागे घर, आणि मधल्या अंगणात उभी ती आठ सीटांची व्हॅन. रंग काळपट, अंग ऐसपैस, एकदा बसली की उठताना शंभर कुरकुरी. सगळी गल्ली तिला म्हैस म्हणायची. घरचेही म्हणायचे. किलोमीटरचा आकडा तीन लाखांच्या पुढे कधीच गेला होता. तेल, फिल्टर, ब्रेक, पट्टे, जे काही बदललं ते काकांनी रविवारी दुपारी, जुना शर्ट चढवून, स्वतःच्या हातांनी बदललं. आता एवढं केल्यावर माणसाला थोडा ताठा येणारच. काकांना थोडा नव्हे, चांगला भरपूर आला होता.

तर पंधरवड्यामागे ही म्हैस भर चढावर बसली.

झालं होतं असं. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. साध्या मोटारीत त्यांना वाकून बसता येत नव्हतं. म्हशीचा सरकता दरवाजा आणि उंच सीट तेवढी सोसायची. मुलगा कामासाठी लांबच्या शहरात, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. काकांना दुकान सोडवेना. म्हणून गाडी सूनबाई चालवायची, आणि काकूंचं ऐकाल तर पोटातलं पाणी न हलवता चालवायची. त्या दिवशी परत येताना चढावर गाडीनं आधी हिसके दिले, मग थरथर सुटली, मग ठप्प. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. दोन भल्या माणसांनी ढकलून कडेला घेतली, आणि बऱ्याच वेळानं म्हैस रडतखडत घरी पोचली.

फाटकाशी काका उभे होते. शेजारचे चारपाच जण उभे होते. आणि नेमके त्याच दिवशी लेकीला भेटायला आलेले व्याहीही उभे होते. हे व्याही म्हणजे जन्मभर फर्निचरचा टेम्पो चालवलेला माणूस. एक कपाट कधी कुठे आपटलं नाही, ही त्यांची मिरवायची गोष्ट. लेकीला गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि काकांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी काकांच्या तोंडून काय निघावं?

"अर्ध्या क्लचवर दामटली असशील! पार वाट लावलीस इंजिनाची. येत नाही तर हात कशाला लावायचा? कोणी शिकवलं हिला असलं चालवायला?"

"बाबा, ती आधीपासून हिसके देतेय. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं की चढावर..."

"मला शिकवू नकोस!"

व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पांढरं झालेलं डोकं, त्यावर टोपीचा वळ. "माफ करा," ते म्हणाले. "शिकवण्यात माझंच काहीतरी कमी राहिलं असेल." सूनबाईनं एकदा वडिलांकडे पाहिलं, आत गेली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर तिला शिवली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण पाळणाघराच्या बाईंनी सूनबाईला मुलांची व्हॅन चालवायचं काम देऊ केलं होतं. ते कळलं त्या दिवशी पोरगी घरभर नाचली होती. आणि आज रविवारी सकाळी काकूंनी चहाचा कप काकांपुढे आदळलाच.

"उद्या जाऊन 'नाही' सांगणार आहे ती. म्हणते, लहान पोरं मागे बसवायची आणि माझ्या हातात स्टिअरिंग द्यायचं? नको. झालं तुमचं समाधान? जिभेला काही हाड आहे की नाही तुमच्या?"

काका उठले. जुना शर्ट चढवला आणि पान्यांची पेटी घेऊन अंगणात गेले. आता खरं सांगायचं तर त्यांना मनातून काय हवं होतं? क्लच जळलेला निघावा, निदान काहीतरी असं निघावं की बोट तिच्याकडेच जाईल. माणूस असा असतो बघा, गाडी बिघडलेली चालेल, पण आपण चुकलेलो चालत नाही.

एअर फिल्टर काढला, झटकला. स्वच्छ होता. पाइप चाचपले. कुठे भेग नाही. आता एकच उपाय राहिला. इंजिन चालू ठेवून चार कॉइलींची जोडणी एकेक करून काढायची. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल, तीच त्याला ठिणगी पुरवते. जोडणी काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर रोग तिथं. पण त्यासाठी आत बसून कोणीतरी इंजिन सांभाळायला हवं.

काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, काठी मांडीवर. त्यांनी आत हाक मारली. "अगं, जरा गाडीत येऊन बस."

"आई, मी हात लावणार नाही."

"चालवायची कुठाय? नुसती सुरू करायची. बस म्हणते ना!"

काकूंच्या त्या 'बस'पुढे घरात कोणाचं चाललेलं नव्हतं. सूनबाई येऊन बसली. किल्ली फिरवण्याआधी तिनं हात ओढणीला पुसला. काकांनी ते पाहिलं आणि घाईघाईनं बॉनेटखाली डोकं घातलं.

इंजिन सुरू झालं ते लंगडतच. काकांनी पहिली जोडणी काढली. इंजिन आणखी गडगडलं. लावून टाकली. मग दुसरी. पुन्हा तेच. मग चौथी. हो, चौथी! तिसरी मध्ये राहिली की! तिच्यावरून एक पाइप जातो, हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो, म्हणून मागे ठेवली, असं ते स्वतःला म्हणाले. चौथी काढल्यावरही इंजिन अडखळलं.

"बाबा," आतून सूनबाई हळूच म्हणाली, "तिसरी राहिली."

काकांनी तिसरी काढली. काही झालं नाही. इंजिन जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

"बंद कर," काका म्हणाले. मग त्यांनी दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदलून पाहिली. कॉइल वाईट असेल तर रोग तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर जायला हवा. पुन्हा सुरू केली, पुन्हा एकेक जोडणी काढून पाहिली. कसलं काय! रोग तिसऱ्यातच मुक्काम ठोकून होता. म्हणजे कॉइल नाही. म्हणजे राहिला प्लग.

आणि प्लगचं काकांना माहीत होतं.

काच घासताना कडेला कधी बारीकसा टवका उडतो. फ्रेमच्या खाचेत काच बसली की तो आत दडतो. गिऱ्हाइकाच्या नजरेत काही फरक पडत नाही, काचही टिकते. काका अशा वेळी स्वतःशी पुटपुटायचे, "खाचेत गेलं, संपलं." चष्म्यात ते चालून जातं. दोनेक महिन्यांमागे म्हशीचे प्लग बदलताना तिसरा त्यांच्या हातून निसटला आणि फरशीवर टणकन पडला. उचलला, शर्टाला पुसला, उजेडात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी रेघ दिसली. दिसली, बरं का! दिसलीच नाही म्हणायची सोय नाही. ज्या डोळ्यांचा एवढा तोरा, त्याच डोळ्यांना दिसली. पण पुन्हा कपडे बदलून सुट्या भागांच्या दुकानात कोण जाणार? तीन नव्यांत एक जुना बसवायला मन घेईना, आणि काकूंना तर आधीच ओरडून सांगितलेलं, "झालं बघ, चारही नवे!" मग काय, खाचेत गेलं, संपलं.

इंजिन निवेपर्यंत काका पायरीवर बसून राहिले. काकूंनी दोनदा पाणी विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली. मग उठून पाइपाखाली हात घातला आणि प्लग बाहेर काढला. ती रेघ आता काळी झाली होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ठिणगी आत पडायची सोडून त्या रेघेतून बाहेर पळत होती. चढावर इंजिनाला जोर लागला की पहिली दगा देणार ती हीच.

काकांनी प्लग मुकाट्यानं खिशात टाकला. जुन्या प्लगांचा डबा जपून ठेवलेला होता, त्यातला एक बसवला. सूनबाईनं किल्ली फिरवली आणि म्हैस अशी गुळगुळीत सुरू झाली, की काकूंनी दारातून टाळी वाजवली.

"काय होतं हो?"

"कॉइल होती," काका म्हणाले. "सैल झालेली. बसवली नीट." जीभ अशी सराईत वळली, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सूनबाई स्टिअरिंगकडे बघत होती. "बाबा, कॉइल सैल कशानं होते? हिसक्यांनी होते का?"

काकांनी पाना पेटीत टाकला.

"मग माझ्यानंच झाली असणार," ती म्हणाली. ना रडली, ना चिडली. उद्या दूध जास्त घ्यायला हवं, इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "बरं झालं उद्या 'नाही' सांगतेय ते."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात तेलानं बरबटलेले, तोंड पुसायचीही सोय नाही. खोटं आपण बोललो आणि तेही हिनं आपल्याच पदरात घेतलं! ते खिडकीपाशी गेले आणि खिशातला प्लग काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"कॉइल नव्हती. आत्ता खोटं बोललो मी. हा प्लग माझ्या हातून पडला होता. तडा गेला होता, तरी बसवला."

तिनं तो फिरवून पाहिला. "बसवताना दिसला होता तडा?"

नाही म्हणता आलं असतं. "दिसला होता."

"आणि त्या दिवशी? फाटकाशी? तेव्हा आठवलं होतं?"

काकांनी खाली बघितलं. "आठवलं होतं. म्हणून तर आवाज चढला."

दारात काकूंच्या मांडीवरची काठी खाली पडली. ती उचलायला कोणी गेलं नाही.

सूनबाई म्हणाली, "माझ्या अप्पांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, सासऱ्यावर ढकलतेय."

"सांगतो. फोन लावतो आत्ताच."

"फोनवर नाही. त्यांनी तोंडावर माफी मागितली होती." तिनं प्लग त्यांच्या हातात परत दिला आणि पट्टा बांधला. "बसा."

"आणि सगळं सांगा," काकू दारातूनच म्हणाल्या. "अर्धं गिळू नका."

फाटकातून निघताना शेजारी हसत हसत ओरडला, "काय, सूनबाई चालवतायत का? मग रस्त्यातून बाजूला होतो बाबा!" ही विनोदाची रोपटी कोणी लावली होती, ते काकांना चांगलं माहीत होतं. त्यांनी काच खाली केली. "चूक माझी होती," ते म्हणाले, "तिची नव्हती." शेजाऱ्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. बोलायला चार शब्द, पण काकांचे कान लालबुंद झाले.

व्याह्यांचं घर चढापलीकडे. चढ आला तशी सूनबाईनं गिअर बदलला, आणि म्हैस कुरकूर न करता वर गेली. छान चालवतेस, असं म्हणावंसं काकांना वाटलं. पण आता कुठल्या तोंडानं म्हणणार? ते आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

व्याही घरापुढे झाडांना पाणी घालत होते. लेक स्टिअरिंगवर दिसताच त्यांनी झारी टाकली आणि लगबगीनं पुढे आले. "काय झालं? परत बंद पडली का? हिला मी बजावलं होतं, हात लावू नकोस म्हणून." आणि बोलता बोलता त्यांचा हात डोक्याकडे गेला, टोपी खाली आली.

काका गाडीतून खाली उतरले. "व्याहीबुवा, आधी टोपी घाला," ते म्हणाले. मग प्लग पुढे केला आणि सगळं सांगितलं. पडल्याचं, दिसल्याचं, आठवल्याचं, आणि आत्ताच्या कॉइलच्या थापेचंही. "तुमच्या लेकीचं काही चुकलं नव्हतं. तुमचं शिकवणंही नाही. मला माफ करा."

व्याह्यांनी प्लग उजेडात धरून बराच वेळ फिरवला. असे प्लग त्यांनी जन्मभर पाहिलेले, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "असू द्या, होतं असं," असं काहीतरी ते म्हणतील, अशी काकांना आशा होती. ते म्हणाले नाहीत. प्लग काकांच्या हातात परत दिला आणि ते लेकीच्या बाजूच्या खिडकीशी गेले.

"पोरी, त्या दिवशी चढावर कोणत्या गिअरवर होतीस?"

"दुसऱ्या."

"हिसके द्यायला लागल्यावर काय केलंस?"

"क्लच दाबला, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. दोन्हीकडचे दिवे लावले. आईंना म्हटलं, घाबरू नका."

व्याही मान हलवत राहिले. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "सगळं बरोबर केलंस. हे मी तुला त्या दिवशी विचारलंच नाही."

"नाही विचारलंत, अप्पा," ती म्हणाली, आणि पंधरा दिवस न रडलेली ती पोरगी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

दोघे म्हातारे गाडीच्या दोन बाजूंना उभे. एकाच्या हातात टोपी, एकाच्या हातात प्लग. एकमेकांकडे बघायची दोघांचीही छाती होईना.

मग तिनं ओढणीनं डोळे पुसले, नाक ओढलं. "उद्या पाळणाघरात हो सांगायचंय. त्यांची व्हॅन याहून लांब आहे, वळवायला जड जाईल. अप्पा, आत्ता जरा चक्कर मारू, सोबत बसाल?"

व्याह्यांनी टोपी घातली आणि वळसा घालून आले. काकांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. पुढची सीट मोकळी ठेवून त्यांनी सरकता दरवाजा उघडला आणि ते मागे जाऊन बसले.