आत्या आणि पोरांची भांडणं

आत्याला 'नको' हा शब्द ऐकूच येत नसे. वडिलांची ही धाकटी बहीण लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहायची आणि माझ्या जुळ्या मुलांवर तिचाच कायदा चालायचा. एकाला ताप आला की औषधाचा चमचा दोघांच्या तोंडात. दोघं भांडली की दोघांना एकेक धपाटा. "एका पोटातले ना रे? मग भांडण कसलं?"

केदारला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा दोघं दुसरीत होती. उपचारांनंतरही आजार उलटला. त्याच्या जुळ्या भावाच्या, मिहिरच्या, हाडांतली मज्जा तंतोतंत जुळणार होती. ती देण्याआधी जबर औषधांनी केदारची स्वतःची मज्जा संपवून टाकली. आता मिहिरची मिळाली नाही, तर त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. मिहिरला भूल द्यायची होती, म्हणून सकाळी त्याला काही खायला घालू नकोस, असं मी आत्याला पुन्हा पुन्हा बजावलं.

परळच्या हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "काही खाल्लंस का, बाळा?"

"दोन घावणे. आणि चहा."

"आत्या, काय सांगितलं होतं तुला?" मी कॉरिडॉरमध्येच ओरडलो.

"दान करायला निघालेल्या पोराला उपाशी धाडू? घाबरून माझा पदर सोडत नव्हता तो. तुम्ही कोणी विचारलंत त्याला?"

नव्हतं विचारलं. आम्ही सगळे केदारच्या बंद खोलीच्या काचेपाशी. ते आजही खुपतं. पण तेव्हा डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. सकाळचं काम दुपारवर गेलं. मिहिरची मज्जा केदारच्या नळीतून उतरायला लागेपर्यंत मी आत्याशी बोललो नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जुळ्या भावाच्या पेशी केदारच्या शरीराशी भांडत नाहीत, हे चांगलं. पण उरल्यासुरल्या आजाराशीही त्या फारशा भांडत नाहीत. आजार परत येऊ शकतो."

पेशी भांडत नाहीत, आत्याने एवढंच धरून ठेवलं. केदार घरी येऊन बरा झाल्यावर दोघांची रिमोटवरून जुंपायची. मी उठलो की ती हात आडवा धरी. "भांडू दे. आतल्यांनाही सवय लागू दे."

"अगं, पेशींना असलं काही कळत नाही."

"तुला फार कळतं."

मागच्या वर्षी आत्या गेली. केदारचा आजार अजून परतलेला नाही. दर तपासणीचा रिपोर्ट मात्र मी अजून दोन-तीनदा वाचून काढतो. काल ही दोन्ही पोरं, आता माझ्याहून उंच, आत्याच्या खुर्चीत कोण बसणार यावरून एकमेकांच्या अंगावर गेली.

"अहो, सोडवा ना त्यांना," बायको म्हणाली.

मी उठलो आणि फक्त दार लोटलं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.