दत्तूभियाचा न लिहिलेला जबाब

दत्तूभिया पाळी संपली म्हणून मशीन नुसती सोडून जायचा नाही. पुढच्या माणसाला तिच्यापाशी उभं करायचा, तिच्या अंगावर हात ठेवायचा आणि तिचा हाल सांगायचा. "बघ भिया, आज ही सुबेपासून फुगून बसली आहे. दुपारी थोडी हसली. तेल मागेल, पण जास्ती पाजू नको, माजेल." हे ऐकल्याशिवाय पुढचा माणूस मशीनला हात लावत नसे. पोलोग्राउंडच्या आमच्या कारखान्यात हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

मी लेथवर होतो, तो प्रेसखात्याचा, म्हणजे पत्रा कापायच्या दाबयंत्रांचा, उस्ताद. फुगली म्हणजे पट्टा ढिला. हसली म्हणजे आवाज मोकळा झाला. आणि दचकली म्हणजे क्लच धरत नाही, दाब एकाच्या जागी दोनदा खाली येईल, बोटं सांभाळ. हे आम्हा सगळ्यांना कळायचं. बेटम्याहून रोज बसने येणाऱ्या मोहनला मराठीचं अक्षर येत नव्हतं, घरी मालवी, इकडची गावाकडची बोली, बोलायचा, पण दत्तूभिया काय म्हणतो ते त्याला बरोबर समजायचं. मोहन त्याच्या हाताखालीच तयार झाला होता.

दत्तूभियाचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोड्याशी बोलायची खोड घराण्यातच, असं तो सांगायचा. "घोडा गेला, लोखंड आलं. बोलणं कशाला बंद करायचं?"

मग महाराष्ट्रातून नवे साहेब आले. शिकलेले, मराठी. आपला माणूस आला म्हणून आम्ही खूष. त्यांनी पहिल्याच दिवशी दत्तूभियाला विचारलं, "तुमची ही मराठी कुठली? अर्धी तर हिंदीच आहे."

दत्तूभिया म्हणाला, "बाकीची अर्धी तुमच्यापाशी आहे ना साहेब. दोघं मिळून पुरी करू."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. महिनाभरात हुकूम निघाला की पाळी बदलताना तोंडी गप्पा बंद. गप्पा, हा त्यांचा शब्द. जे सांगायचं ते छापील फॉर्ममध्ये, ठरलेल्या रकान्यांत, योग्य तांत्रिक शब्दांत लिहून द्यायचं. दत्तूभिया तिसरी शिकलेला, मी चौथी. ज्या माणसाला कानाने कळतं की क्लच कधी दगा देणार, त्याला म्हणे रकाना भरता येत नाही म्हणून कळत नाही. मला अजून हे आठवलं की डोकं तापतं.

एका सकाळी मोठी प्रेस दोनदा चालवून बघून दत्तूभिया साहेबांकडे गेला. मी तिथेच मापाची पट्टी घ्यायला गेलो होतो. तो म्हणाला, "साहेब, ही आज दचकते. कुणाला हात लावू देऊ नका."

"दचकते म्हणजे काय? ही काय सूचना झाली? नेमकं लिहून आणा, मग बघतो."

स्टोअरचा बाबू फॉर्म भरून द्यायचा. दत्तूभिया कागद घेऊन तिकडे गेला. बाबू चहाला गेलेला. तेवढ्यात साहेबांनी मोहनला त्या प्रेसवर बसवलं, कारण माल अडला होता. मोहन अडला, "दत्तूभिया हाल नी बतायो साब," अजून हाल सांगितला नाही म्हणून. साहेब म्हणाले, "ते बंद झालंय. बस." दाब दोनदा खाली आला, मोहनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. साहेबांनी जबाब इंग्रजीत टाईप करून आणला आणि मराठीत वाचून दाखवला. त्यात होतं, यंत्रातील दोषाबाबत संबंधित कामगाराने कोणतीही सूचना दिली नाही.

दत्तूभिया शांतपणे म्हणाला, "मी दिली होती."

"ती सूचना नव्हती. सही करा."

"जसा मी बोललो तसा लिहा, दहा सह्या करतो."

त्याने सही केली नाही. साहेब दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणाले. प्रेसखात्याचा उस्ताद सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला बसला. दर रविवारी बेटम्याला मोहनकडे जायचा. मोहन त्याला म्हणायचा, "दादा, थां घडी-घडी मत आवो," आणि तो तरी जायचा. एकदा मी सोबत होतो. परत येताना बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. त्याला गप्प मी तेव्हाच पाहिलं.

मागच्या वर्षी तो गेला. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजली आली, शुद्ध मराठीत. त्यात त्याला 'मितभाषी' म्हटलं होतं. ज्याची जीभ तुम्ही कापलीत, त्याला वर मितभाषी म्हणता.

आता माझं. त्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सगळं कानाने ऐकलं होतं, तरी केली. नोकरीची भीती वाटली. दत्तूभियाने पुढे मला एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौकशीत तो जे बोलला ते कुणी लिहून घेतलं नाही. मी समोर उभा होतो. माझं अक्षर वाईट आहे, पण शब्द त्याचे आहेत, एकही बदललेला नाही:

"साहेबांना मी सांगितलं होतं, ही दचकते. त्यांना समजलं नाही, तर विचारायचं होतं, मी दाखवून दिलं असतं. पण गलती माझीबी आहे. मी कागद भरवायला गेलो. मला मालूम होतं ती कुणाचा तरी हात खाणार. मी तिथंच, तिच्यासमोर उभं राहायला पाहिजे होतं. मोहनला सांगा, उस्ताद हटला जागेवरून. हे लिहा."