बागेकडची शेवटची खिडकी

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बापूसाहेब निटूरकर विटा भिजवत होते. निवृत्त मास्तराने आपलीच खिडकी बुजवायच्या विटा आपल्याच हाताने भिजवाव्यात, एवढी प्रगती लातूरने केली आहे.

भूकंपानंतर अख्खी गल्ली समोरच्या वनउद्यानात ताडपत्रीखाली राहिली होती. ज्या जागेला छप्पर नाही तीच तेव्हा सुरक्षित. बापूसाहेबांचा बागेवर जीव जडला तो तिथेच. नवं घर बांधताना त्यांनी बागेकडच्या चारही खोल्यांना माणूस उडी मारून बाहेर पडेल एवढ्या खिडक्या ठेवल्या. फाल्गुनात पळस दिसे, चैत्रात लिंबाचा मोहर, आषाढात मोर. पुढे शहरात क्लास वाढले आणि ऋतूही बदलले: ॲडमिशन, टेस्ट सिरीज, रिव्हिजन, रिपीट. ‘बागेसमोर शांत खोल्या’ अशी पाटी लागली, तीन खिडक्यांना गज लागले आणि त्या तीन खोल्या भरल्या.

मग देवणीच्या एका पालकांनी शोध लावला.

“गुर्जी, तुमच्या मोरानं पोराचे फिजिक्सचे चाळीस मार्क खाल्ले.”

मोर सरकारचा होता, पण खिडकी बापूसाहेबांची. जबाबदारी निश्चित झाली, खिडकी बुजली. आपलं पोरगं मागं पडू नये म्हणून बाकीच्या दोन पालकांनीही आपापल्या खिडक्या बुजवून घेतल्या.

उरली बापूसाहेबांच्या स्वतःच्या खोलीची. गल्लीत खोली भाड्याने न देणं आता असभ्यपणा मानतात. उमरीचे तलाठी आनंदराज यांना रिपीट करणाऱ्या मुलीसाठी ती खोली हवी होती, खिडकी बुजवून. निदान एवढी खिडकी राहू दे, असं बापूसाहेबांनी बायकोला दोनदा सांगून पाहिलं.

“तुम्हाला खिडकी कशाला?” विशाखाबाई म्हणाल्या. “कोणती परीक्षा द्यायची आहे?”

नऊ वाजता वीरण्णा गवंडी आला. पाठोपाठ आनंदराज मुलीला, महामायाला, घेऊन आले. वीरण्णाने पहिली वीट उचलली.

“थांबा काका,” महामाया म्हणाली. “ही बंद केली तर मी न्हाई राहणार.”

“मग अभ्यास कोण करणार? मोर?” आनंदराज म्हणाले.

“बंद खोलीत मला झोप येती, पप्पा. बारावीला मी पडवीत बसून अभ्यास केला. समोर म्हशी होत्या. म्हशींनी किती मार्क खाल्ले?”

वीरण्णाने वीट खाली ठेवली. “गुर्जी, आता विटा लावू का म्हशी आणू?”

मुलगी बारावीला तालुक्यात पहिली आली होती, त्यामुळे आनंदराज यांना म्हशींचं म्हणणं मान्य करावं लागलं.

“बरं, राहू द्या खिडकी,” ते म्हणाले.

बापूसाहेबांना फार आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला. खिडकी वाचली होती, पण खोली गेलीच होती, आणि खिडकी खोलीबरोबर जाते. विशाखाबाईंनी त्यांची गादी केव्हाच मधल्या कोठीत नेऊन टाकली होती. कोठीला तीन बाजूंनी धान्याचे डबे आहेत आणि चौथ्या बाजूला दार.

“इथनं पळायचं कसं?” भूकंपाचा धसका न गेलेल्या बापूसाहेबांनी विचारलं.

“पंखा लावून देते,” विशाखाबाई म्हणाल्या. “आणि बाग पाहायची तर बागेत जाऊन पाहा. फाटक काय मुदखेडला आहे?”

हे बापूसाहेबांना पटलं. उद्यापासून रोज पहाटे बागेत फिरायला जाणार, असं त्यांनी वीरण्णासमोर जाहीर केलं.

उद्या सोमवार आहे. सोमवारी बाग बंद असते.